धरणीकंप आणि आपले घर

मंडळी, आपण जमिनीला काळी आई म्हणतो. तिच्यावर नांगर धरतो, तिच्यावरच घर बांधतो. सगळे हालले तरी भुई हालणार नाही, असा आपला भरवसा असतो. पण ती भुईसुद्धा कधी कधी हालते. त्याला धरणीकंप किंवा भूकंप म्हणतात.

मी एक निवृत्त मुख्याध्यापक आहे. फार शिकलेला नाही. मॅट्रिक झालो आणि गुरुजी म्हणून लागलो. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी किल्लारीपासून पाच-सहा कोसांवरच्या एका गावी शाळेत होतो. जे डोळ्यांनी पाहिले आणि पुढे जाणकारांकडून समजून घेतले, ते तुम्हांला सांगतो. सावकाश वाचा. वाचून झाले की घरच्यांनाही वाचून दाखवा.

ती रात्र

साल १९९३. सप्टेंबर महिन्याची २९ तारीख, अनंत चतुर्दशी. गावोगाव गणपती बोळवले. ढोल-लेझीम झाली. पोरे-बाळे दमून झोपली. मोठी माणसे उशिरा अंथरुणाला टेकली.

पहाटे चारला चार मिनिटे कमी होती. तारीख लागली होती ३०, वार गुरुवार. जमिनीतून एक आवाज आला. जड मालाचा ट्रक अंगावरून जावा तसा घरघराट. मी उठून बसेपर्यंत खाट हालू लागली. भांडी फळीवरून खाली आली. मला वाटले, कोणी दार धडकावते आहे. मग कळले की सारी खोलीच हालते आहे. मी मुलाला काखेत मारले, बायकोचा हात धरला आणि अंगणात आलो. हे सारे एका मिनिटाच्या आत झाले. एवढ्या वेळात विडीसुद्धा ओढून होत नाही.

अंगणात आलो तर समोर काही दिसेना. चांदणे होते, पण धूळ इतकी की हात दिसत नव्हता. तोंडात माती, नाकात माती. आधी एकदम सामसूम झाली. मग आळीतून एकच आक्रोश उठला.

माझी खोली भाड्याची होती. अर्ध्या विटेच्या भिंती आणि वर पत्रा. लोक हसायचे, 'गुरुजींचे घर म्हणजे काडेपेटी.' ती काडेपेटी उभी राहिली. शेजारी आबांचे घर होते. आळीत सगळ्यांत भक्कम म्हणून त्याचे नाव. अडीच हात रुंद दगडी भिंती, वर मातीचे माळवद. आबांच्या वडिलांनी बांधलेले. चोर भिंत फोडू शकणार नाही, असे ते अभिमानाने सांगत. ते घर जाग्यावर बसले होते. दगड आणि माती यांचा एक ढीग, बस्स.

आबांचा सालगडी गावाबाहेर कुडाच्या खोपीत राहत असे. तुराट्या, चिखल आणि गवत. ती खोपी जशीच्या तशी राहिली. तोच धावत पहिला आला.

हे असे का झाले? भक्कम घर पडले आणि कुडाची खोपी का राहिली? हा प्रश्न मला त्या दिवशी पडला. त्याचे उत्तर पुढे सांगतो. आधी ढिगाऱ्याचे सांगतो.

ढिगारा

आबा आणि काकू त्या रात्री वाचले. आबा देवळाच्या ओट्यावर भजनानंतर तिथेच झोपले होते. काकू गाईला पाहायला गोठ्यात गेल्या होत्या, गाय विण्याला आली होती. मुलगा, सून आणि दोन नातवंडे घरात होती.

सगळे जण एकदम ढिगाऱ्यावर चढले. कोणी हाताने दगड फेकतो, कोणी टिकाव मारतो, कोणी छाती पिटतो. गोंधळाला पार नाही. तेवढ्यात सालगडी ओरडला, "गप ऱ्हावा! समदे गप ऱ्हावा! आत कोन बोलतंय का ते ऐका!"

त्या अडाणी माणसाने त्या घडीला आम्हां शिकलेल्यांना शहाणपण शिकवले. सगळे गप्प झाले. आणि मग खालून बारीक आवाज आला. माझ्या तिसरीतला पोरगा होता तो. आम्ही ढिगाऱ्यावरून खाली उतरलो, कारण आमच्याच वजनाने खालची माती दाबली जात होती. बाजूने एक-एक दगड उचलला. तुळई कणगीवर तिरपी अडकली होती, तिच्या खाली हातभर पोकळी राहिली होती. त्या पोकळीत तो पोरगा होता. पाय मोडला होता, पण जीव होता. मोडक्या दाराच्या फळीवर घालून त्याला बाहेर आणले. आबांचा मुलगाही दुपारपर्यंत निघाला, जखमी. सून आणि धाकटी नात गेली. त्यांच्या अंगावर मोठा घाव नव्हता. माळवदाची माती नाकातोंडात जाऊन जीव गुदमरला होता.

दिवस उजाडल्यावर खरी बातमी आली. किल्लारी गेली. सास्तूर गेले. मंगरूळ, तळणी, पेठसांगवी, होळी, राजेगाव, एकेक नाव येऊ लागले. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांवर घाला पडला होता. सरकारी मोजणीप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. काही मोजण्यांत हा आकडा दहा हजारांच्या जवळ जातो. जखमी त्याहून कितीतरी जास्त. गुरेढोरे वेगळीच.

धरणी का हालते?

आपल्याकडे म्हातारी माणसे सांगतात, शेषनाग डोक्यावरचा भार या फडीवरून त्या फडीवर घेतो, म्हणून धरणी हालते. कोणी म्हणते पाप वाढले. आमच्या गावीही तेव्हा असे बोलले गेले. पण आबांच्या धाकट्या नातीने कसले पाप केले होते? ती तर नीट बोलतसुद्धा नव्हती.

खरे कारण असे आहे. पृथ्वीचे वरचे कवच दगडाचे आहे. पण ते सलग नाही. फुटलेल्या घागरीच्या खापऱ्या जुळवून ठेवाव्यात तसे त्याचे मोठमोठे तुकडे आहेत. आपला भारत देश अशाच एका तुकड्यावर आहे. हा तुकडा फार हळू, वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटे-तीन बोटे, उत्तरेकडे सरकतो. उत्तरेला दुसरा मोठा तुकडा आडवा आहे. दोघांची रेटारेटी चालते. त्या रेट्यानेच हिमालय वर आला. म्हणून तिकडे भूकंप जास्त.

आता तुम्ही म्हणाल, हिमालय कुठे आणि लातूर कुठे! बरोबर आहे. पण रेटा साऱ्या तुकड्याला बसतो. आपल्या काळ्या मातीखाली, काळ्या दगडाखाली, फार खोल जुन्या भेगा आहेत. उसाचे कांडे दोन्ही हातांनी वाकवून पाहा. ते वाकते, वाकते, आणि एकदम कट्‌कन मोडते. मोडताना हाताला झिणझिण्या येतात. जमिनीखालचा दगडही असाच शेकडो, हजारो वर्षे ताण सोसतो. एक दिवस भेगेशी तो एकदम सरकतो. त्याचा हिसका चारी बाजूंना लाटेसारखा जातो. विहिरीत दगड टाकला की पाण्यावर लाटा जातात, तशाच या जमिनीतून जातात. त्यांचा वेग सेकंदाला काही किलोमीटर असतो.

किल्लारीचा भूकंप जमिनीखाली सुमारे दहा किलोमीटरवर झाला. म्हणजे फार खोल नव्हे. म्हणून वरच्या गावांना त्याचा तडाखा थेट बसला. भूकंपाचा जोर आकड्यात सांगतात. किल्लारीचा आकडा होता ६.२. या आकड्यात एक गंमत आहे. तो एकाने वाढला की सुटलेली शक्ती सुमारे ३२ पट होते. म्हणजे पाचाचा भूकंप आणि सहाचा भूकंप यांत एकाचा फरक दिसतो, पण तो उन्नीस-बीसाचा फरक नव्हे. एक हरभऱ्याची गोणी आणि बत्तीस गोण्या, एवढा आहे.

आधी काही सूचना मिळाली होती का? १९९२ साली किल्लारीच्या भागात लहान लहान धक्के बसत होते. ऑक्टोबर महिन्यात एक बराच जोराचा बसला होता. जमिनीतून आवाज येतात, असे लोक सांगत. काही दिवस माणसे बाहेर झोपली. पुढे धक्के कमी झाले आणि माणसे पुन्हा घरात झोपू लागली. यात त्यांची चूक नाही. लहान धक्क्यांमागून मोठा येतोच असे नाही. भूकंप अमुक दिवशी, अमुक वेळी येणार, हे आजही जगात कोणालाच सांगता येत नाही. जो सांगतो तो थाप मारतो, हे पक्के ध्यानात ठेवा.

महाराष्ट्राला भूकंप नवा नव्हता. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटेच कोयनानगरला मोठा भूकंप झाला होता. पण किल्लारीचा मुलूख तेव्हाच्या सरकारी नकाशात सगळ्यांत कमी धोक्याचा म्हणून दाखवलेला होता. किल्लारीने तो समज मोडला. २००२ साली नकाशा बदलला आणि तो सगळ्यांत कमी धोक्याचा पट्टाच काढून टाकला. 'आमच्याकडे भूकंप होत नाही' असे म्हणून निश्चिंत झोपावे, असा आपल्या देशात कोणताच भाग उरला नाही.

भक्कम घर का पडले?

आता त्या दिवसाच्या प्रश्नाकडे येऊ.

भूकंप स्वतः माणूस फारसा मारत नाही. माणूस मरतो तो पडणाऱ्या घराखाली. उघड्या रानात उभा असलेला माणूस फार तर खाली पडतो आणि उठून अंग झटकतो.

बैलगाडीत उभे राहा. बैलांनी एकदम हिसका दिला की तुम्ही मागे पडता. पाय गाडीबरोबर जातात, वरचे अंग मागे राहते. घराचेही तसेच. जमीन पायाला घेऊन सरकते, वरचा भाग मागे राहतो. वर जितके वजन जास्त तितका हिसका मोठा. डोक्यावर कापसाचे बोचके घेतलेली बाई ठेचकाळली तर सावरते. डोक्यावर पाण्याच्या दोन घागरी असतील तर सावरणे कठीण.

आता आबांच्या माळवदाचा हिशेब करू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोली. वर दीड फूट माती. दहा गुणिले दहा गुणिले दीड, म्हणजे दीडशे घनफूट माती. घनफुटाला चाळीस किलो धरले तरी सहा हजार किलो. साठ क्विंटल! ज्वारीची साठ पोती डोक्यावर घेऊन आपण झोपत होतो. आणि दर पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून वर आणखी पांढरी माती टाकत होतो. माळवद उन्हाळ्यात थंड राहते, ही गोष्ट खरी. पण त्याचा भार कोणी मोजला नव्हता.

दुसरी गोष्ट भिंतीची. अडीच हात रुंद भिंत म्हणजे अडीच हातांचा सलग दगड नव्हे. बाहेरच्या बाजूला एक थर, आतल्या बाजूला एक थर, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही थरांना एकमेकांशी बांधणारा दगड नाही. जोडायला फक्त चिखल. गोल गुंडे तसेच रचलेले. अशी भिंत उभा भार सोसते, पण आडवा हिसका सोसत नाही. हिसका बसला की दोन्ही थर फुगतात. एक आत कोसळतो, एक बाहेर. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंतवलेल्या नव्हत्या, म्हणून तिथेही फाटल्या. आणि भिंत गेली की वरचे साठ क्विंटल खाली येणारच.

काही घरांत माळवद लाकडी खांबांवर होते. खांब आणि तुळया जिथे घट्ट बसवलेल्या होत्या, तिथे भिंती पडल्या तरी माळवद खांबांवर उभे राहिले आणि आतली माणसे वाचली. सालगड्याची खोपी वाचली, कारण ती हलकी होती आणि हिसक्यासरशी लवत होती. माझी काडेपेटीही वर हलका पत्रा होता म्हणून वाचली.

म्हणजे जाड ते भक्कम, हा आपला समज खोटा. हलके आणि चांगले बांधलेले, ते भक्कम.

पुढचे दिवस

पहिले दिवस फार वाईट गेले. पाऊस लागला. मृतदेह इतके की एकेकट्याला सरण मिळेना. एकाच चितेवर घरचे घर ठेवावे लागले. लष्कराचे जवान आले, डॉक्टर आले, शहरांतून तरुण पोरे आली. देशातून आणि परदेशांतून मदत आली. कपड्यांचे ढीग पडले. भाकरीच्या चळती आल्या. अनोळखी माणसांनी आमच्या लोकांची प्रेते उचलली. हे ऋण फिटणारे नाही.

पण वाईटही पाहिले. ढिगाऱ्यात दागिने शोधणारे आले. नुसते पाहायला येणाऱ्यांच्या गाड्यांनी रस्ते भरले आणि जखमींच्या गाड्या अडकल्या. अफवांना ऊत आला. 'आज रात्री बारा वाजता मोठा येणार' असे कोणी उठवले की सारे गाव रानात पळे. भूकंपानंतर लहान धक्के येतच राहतात, काही महिने येतात. त्यामुळे तडे गेलेली घरे पडतात. म्हणून तडे गेलेल्या घरात जाऊ नये, हे खरे. पण वेळ सांगणारी बातमी मात्र खोटी.

मनाचेही दुखणे असते. माझ्या वर्गातली मुले पुढे वर्षभर ट्रक गेला तरी दाराकडे पळत. आबांचा नातू छपराखाली झोपत नसे. काकू महिनाभर रडल्याच नाहीत. एकदा म्हणाल्या, "गुरजी, रडू यीना हो. आत दगुड बसल्यावानी झालंय." अशा माणसाला 'विसरून जा' म्हणू नये. जवळ बसावे. बोलेल ते ऐकावे. हाताला काम द्यावे. मुलांसाठी शाळा लवकर सुरू करावी. आम्ही झाडाखाली शाळा भरवली. पाटी नव्हती, पुस्तक नव्हते. पण हजेरी घेतली. हजेरीत काही नावांवर कोणी 'हजर' म्हणाले नाही. ती नावे मी वहीतून बरेच दिवस खोडली नाहीत.

पंचनाम्याचा कागद

आता एक गोष्ट सांगतो. ती तुम्हां नव्याने वाचायला शिकलेल्यांसाठी फार महत्त्वाची आहे.

घरांची मोजणी करायला माणसे आली. पंचनामे झाले. आबांना लिहिता-वाचता येत नव्हते. कागद पुढे केला, त्यांनी अंगठा दिला. कागद वाचून दाखवा, असे ते म्हणाले नाहीत. त्यांचे कशातच लक्ष नव्हते. कागदावर लिहिले होते, 'भिंतींना तडे.' घर तर सारे भुईसपाट! लिहिणाऱ्याने मुद्दाम केले की घाईत शेजारचे घर आबांच्या नावावर मांडले, देव जाणे. पण यादीत आबांना घर बांधायला नव्हे, दुरुस्तीला पैसे मंजूर झाले. यादी शाळेच्या भिंतीला लावली तेव्हा मी ती वाचली आणि आबांकडे गेलो.

आबा म्हणाले, "जाऊ द्या गुरजी. सूनबाई गेली, पोर गेली. आता घर घिऊन काय करू?"

काकू मात्र म्हणाल्या, "ऱ्हायलेल्या पोरानं कुटं निजावं? अर्ज लिवा गुरजी."

अर्ज केला. पुन्हा केला. हेलपाटे घातले. दुसरा पंचनामा व्हायला सात-आठ महिने गेले. तोवर तिघे जण पत्र्याच्या तात्पुरत्या खोलीत राहिले. दुसऱ्या वेळी काकूंनी कागद हातात धरून विचारले, "ह्यात काय लिवलंय ते आधी वाचा. मग अंगठा." त्या हिवाळ्यात काकू रात्रीच्या वर्गाला येऊ लागल्या. पन्नाशीची बाई, पण महिना-दीड महिन्यात सही करू लागल्या. घराच्या पैशाचा पहिला हप्ता त्यांनी सही करून घेतला. अंगठा पुसायची चिंधी त्यांनी परत माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "ही आता दुसऱ्याला द्या."

म्हणून सांगतो, वाचता येते तर वाचा. न वाचता सही करू नका. कागदाची नक्कल मागून घ्या. आपले रेशन कार्ड, सातबारा, घराचा उतारा, बँकेचे पुस्तक, आधार कार्ड यांच्या नकला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घराबाहेर किंवा परगावच्या नातेवाइकाकडेही ठेवा. घर पडले की कागदही गाडले जातात.

नवी गावे

सरकारने पुनर्वसनाचे मोठे काम काढले. जागतिक बँकेने कर्ज दिले. ज्या गावांत काही उरलेच नव्हते अशी ५२ गावे नव्या जागी वसवली. जमीन किती, त्याप्रमाणे घर ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४०० आणि त्यावर जमीन असणाऱ्याला ७५० चौरस फूट. बाकीच्या हजारो गावांत ज्याचे घर त्याने दुरुस्त करायचे किंवा बांधायचे, पैसे हप्त्याने सरकारने द्यायचे, इंजिनिअरने सल्ला द्यायचा, अशी रीत ठेवली. आमचे गाव यात होते.

नव्या गावांतली घरे पक्की झाली. रस्ते सरळ झाले. पण सारे गोड झाले असे नाही. गाव शहरासारखे पसरले. जुन्या आळीचा शेजार तुटला. बांधताना गुरांच्या गोठ्याचा, कडब्याचा, चुलीचा विचार पुष्कळ ठिकाणी झाला नाही. कोणाचे शेत लांब पडले. जिथे लोकांना विचारून, बायकांना बोलावून घरे बांधली, तिथे लोक जास्त सुखी दिसले. धडा असा की, आपले घर कोणी बांधून देत असले तरी आपण जवळ उभे राहावे, विचारावे, सांगावे.

घर बांधताना

भूकंपानंतर लोक दगडाला इतके भ्यायले की घरात जात्याचाही दगड नको म्हणत. पण दोष दगडाचा नव्हता, रचण्याचा होता. गवंड्याला पुढील गोष्टी सांगा.

१. भिंत उगाच रुंद नको. दगडाची असेल तर दीड फुटाच्या आसपास पुरे. दगड घडलेला असावा. चिखलाऐवजी सिमेंटचा माल वापरावा.

२. प्रत्येक थरात थोड्या थोड्या अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालावा. तो आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवतो. कोपऱ्यात दोन्ही भिंतींचे दगड एकमेकांत गुंतवावेत.

३. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. धाव नसेल तर चाकाचे तुकडे उडतील. घरालाही धाव पाहिजे. जोत्याला, दारे-खिडक्यांच्या वर आणि छताखाली, सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा सळई-काँक्रीटचा पट्टा घालावा. तो कुठेही तुटता कामा नये.

४. दारे-खिडक्या कोपऱ्याला चिकटून नकोत. एकाच भिंतीत फार भोके नकोत.

५. छत हलके असावे. पत्रा असेल तर तो भिंतीला नीट आवळलेला असावा आणि वर दगड ठेवलेले नसावेत.

जुने घर पाडायला पैसे नसतील तर? तेही बळकट होते. माळवदावरची जादा माती उतरवावी. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपे लाकूड ठोकून घ्यावे. भिंतीत जागोजाग आरपार भोके पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरावे. दारांच्या वरच्या पातळीवर तारेची जाळी लावून सिमेंटचा पट्टा फिरवावा. ही कामे आमच्या भागात झाली आहेत. खर्च नव्या घराहून पुष्कळ कमी येतो. भोके पाडण्याचे काम मात्र जाणत्या गवंड्याकडूनच करून घ्यावे.

धक्का बसला तर

घर पक्के असेल तर आत मजबूत टेबलाखाली किंवा खाटेच्या बाजूला बसा. डोके हातांनी झाका. खिडकी, कपाट, उतरंड यांच्यापासून लांब राहा. घर माती-दगडाचे असेल आणि दार जवळ असेल तर लगेच उघड्यावर या. भिंत, विजेचा खांब, तारा, झाड यांच्या जवळ उभे राहू नका.

धक्का थांबल्यावर चूल विझवा. गॅसची टाकी बंद करा. गॅसचा वास येत असेल तर काडी ओढू नका, विजेचे बटण दाबू नका. पिण्याचे पाणी उकळून घ्या. मदतीला ११२ नंबरवर फोन करा, रुग्णवाहिकेला १०८.

ढिगाऱ्यात कोणी असेल तर सगळ्यांनी आधी गप्प राहून ऐका. ढिगाऱ्यावर गर्दी करू नका. बाजूने एक-एक दगड काढा. हातपाय धरून ओढू नका. जखमी माणसाला फळीवर घालून न्या. आणि आपण स्वतः आत अडकलो तर ओरडून दम घालवू नका, तोंडावर फडके धरा आणि दगडावर दगड वाजवून खूण द्या.

शेवटचे

म्हण आहे, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. किल्लारीला ठेच नव्हे, घाव बसला. त्यातून शहाणे व्हायचे की नाही, हे आपल्या हाती आहे. तहान लागल्यावर विहीर खणून पाणी मिळत नाही.

आबा आज नाहीत. काकू आहेत. वाचलेला नातू मोठा होऊन गवंडीकाम शिकला. थोडा लंगडतो, पण काम चोख करतो. घर बांधायला कोणी बोलावले की पट्ट्याचे पैसे वाचवू म्हणणाऱ्या मालकाला तो सरळ सांगतो, "पट्टा घालणार नसशीला तर दुसरा गवंडी बघा."

मंडळी, हे पान मिटले की उद्या सकाळी एक काम करा. आपल्या घराच्या बाहेर उभे राहून भिंतीकडे पाहा. कोपऱ्यात भेग आहे का? भिंत कुठे फुगली आहे का? वर माती किती आहे? आणि रात्री आपली पोरे त्या भिंतीच्या कोणत्या बाजूला झोपतात?